कळा कोणी ओळखायच्या?

मराठीच्या उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य हमखास भेटते : ‘कवीला निर्मितीच्या प्रसववेदना सोसाव्या लागतात.’ विद्यार्थ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आपल्या समीक्षेनेच हे रूपक इतके वापरले आहे की त्यातील मूळ अनुभव झिजून गेला आहे. ‘सर्जनाच्या वेणा’, ‘कादंबरीचा दीर्घ गर्भवास’, ‘कवितेचा सहज प्रसव’ असे शब्दप्रयोग करणारे बहुसंख्य लेखक पुरुष होते आणि प्रत्यक्ष वेणांच्या वेळी ते बंद दाराबाहेर उभे होते. त्यामुळे या रूपकात वेदना आहे, सुटका आहे, आनंदही आहे. पण वेदनांच्या आधीचे ते अनिश्चित तास नाहीत. हे दुखणे ‘तेच’ आहे की नुसतेच दुखणे आहे, आता निघायचे की सकाळपर्यंत थांबायचे, हा प्रश्न त्यात नाही. बाळंतपणाच्या इतिहासात मात्र याच प्रश्नावर अनेकींचे जगणे-मरणे ठरले आहे.

मला हा प्रश्न पुस्तकातून पडला नाही. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी पहिल्या बाळंतपणासाठी पत्नीला माहेरी जाणे जमले नाही. परीक्षांचे काम लांबले आणि प्रवासाचे दिवस टळून गेले. दिवस भरत आले होते. एका रात्री अकराच्या सुमारास ती म्हणाली, ‘पाठीत काहीतरी होतंय.’ मी तिला शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली आणि पुन्हा पुस्तक उघडले. बाराला तेच, साडेबाराला पुन्हा तेच. जेवण बाधले असावे, असे मी ठरवून टाकले. शेवटी तिनेच आईला फोन लावला. सासूबाईंनी फोन माझ्याकडे द्यायला सांगितला आणि एकामागून एक विचारत गेल्या : ‘दुखणं येऊन जातं का, की सारखं राहतं? दुखतं तेव्हा पोट दगडासारखं होतं का? चार पावलं चालली की थांबतं का? अंगावर चिकट काही गेलं का?’ यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. पोटावर हात ठेवून पाहावा, हेदेखील मला सुचले नव्हते. ‘घड्याळ घेऊन बसा आणि मला पुन्हा फोन करा,’ त्या म्हणाल्या. अर्ध्या तासाने केलेल्या त्या दुसऱ्या फोननंतर आम्ही निघालो. मुलगी पहाटे झाली. सारे सुखरूप पार पडले, म्हणूनच आज हे सांगताना हसता येते.

त्या रात्रीनंतर एक गोष्ट मनात राहिली. चार मुलांची आई असलेल्या, सातवीपर्यंत शिकलेल्या त्या बाईंचे प्रश्न विलक्षण नेमके होते. ते त्यांनी कुठे वाचलेले नव्हते. मग हे ज्ञान आले कुठून, राहिले कुठे आणि माझ्यासारख्यापर्यंत ते का पोहोचले नाही? पुढे जुन्या वैद्यकग्रंथांकडे वळलो तो या कुतूहलापोटी.

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात आसन्नप्रसवेची लक्षणे दिली आहेत. अंगाला थकवा, चेहऱ्यावर म्लानता, डोळ्यांत शैथिल्य, छातीचे जणू बंधन सुटल्यासारखे वाटणे, पोट खाली उतरणे, खालच्या भागात जडपणा, जांघा, ओटीपोट, कंबर, कुशी आणि पाठ यांत वेदना, योनीतून स्राव, अन्नावरची वासना उडणे. आणि त्यानंतर ‘आवी’, म्हणजे प्रत्यक्ष कळा, आणि गर्भोदक वाहणे. या यादीचा क्रम पाहण्यासारखा आहे. ती चेहऱ्यापासून सुरू होते. पाहणारा अजून जवळ गेलेला नाही, पोटाला हात लावलेला नाही, तरी त्याला काही दिसते आहे. मग स्त्रीने सांगितल्याशिवाय कळणार नाहीत अशा गोष्टी येतात : छाती मोकळी वाटते, खाली जड वाटते. आजच्या भाषेत या दोन्हींचा अर्थ लावता येतो. बाळाचे डोके कटिरात उतरले की वरचा दाब कमी होऊन श्वास सुटा होतो आणि ओटीपोटावरचा भार वाढतो. हे सारे कोणा स्त्रीने आपल्या तोंडाने सांगितल्याखेरीज ग्रंथात येणे शक्य नव्हते. ग्रंथावर नाव पुरुषांचे आहे. निरीक्षणाचा मोठा भाग स्त्रियांचा असला पाहिजे.

सुश्रुतसंहितेत हीच गोष्ट दोन टप्प्यांत येते. पोट सैल पडले, हृदयाचे बंधन सुटले आणि कमरेखाली शूळ उठला, की प्रसूती जवळ आली असे समजावे. पण कंबर-पाठीभोवती सर्वत्र वेदना, वारंवार मलमूत्राची भावना आणि अपत्यमार्गातून कफासारखा स्राव दिसला, की ती अगदी उपस्थित झाली असे समजावे. ‘येणार आहे’ आणि ‘आली आहे’ यांतला हा फरक महत्त्वाचा आहे. सासूबाईंनी विचारलेला ‘अंगावर चिकट काही गेलं का’ हा प्रश्न दुसऱ्या टप्प्याचा होता. गर्भाशयाच्या मुखाशी असलेला श्लेष्माचा बोळा सुटून थोड्या रक्तासह बाहेर येतो, हे त्यामागचे कारण.

चरकातील आणखी एक प्रसंग साहित्याच्या अभ्यासकाला विशेष वाचनीय वाटेल, कारण त्यात वाद आहे. कळा सुरू होऊनही प्रसूती होत नसेल तर त्या स्त्रीला उठवून मुसळाने धान्य कांडायला लावावे, पुनःपुन्हा जांभया द्यायला आणि मधूनमधून चालायला सांगावे, असे काहींचे मत होते. आत्रेयांना ते मान्य नाही. गर्भिणीला कष्टाचे काम नेहमीच वर्ज्य, त्यात या वेळी तिचे सारे दोष-धातू क्षुब्ध झालेले; मुसळाच्या श्रमाने वायू उसळून तिच्या जिवावर बेतेल, असे त्यांचे म्हणणे. जांभया आणि चालणे मात्र चालेल. त्यानंतर ग्रंथ सांगतो की कळ आली नसताना जोर करायला लावू नये. शिंक, ढेकर किंवा मलमूत्र यांचा वेग आला नसता केलेला प्रयत्न जसा फुकट जातो, तसेच हे. वेग आला असता अडवणेही तितकेच घातक. म्हणजे लक्षण ओळखणे हा येथे केवळ ज्ञानाचा प्रश्न नाही. पुढे काय करायचे आणि काय करायचे नाही, हे त्यावर अवलंबून आहे. कळ खरी की खोटी हे न ओळखता ‘जोर कर, जोर कर’ म्हणणारी माणसे त्या काळीही असणार. एरवी हा निषेध लिहावा लागला नसता.

ओळखायचे कोणी, याचे उत्तरही या ग्रंथांत आहे. चरकात सूतिकागारात अनेकदा प्रसूत झालेल्या, प्रेमळ, कुशल आणि कष्ट सोसणाऱ्या स्त्रिया भोवती असाव्यात असे सांगितले आहे. सुश्रुताने चार जणी सांगितल्या आहेत : वयाने परिपक्व, प्रसूतिकर्मात निपुण आणि नखे कापलेल्या. या ‘नखे कापलेल्या’वरून प्राचीनांना जंतूंचे ज्ञान होते असा दावा करण्याची हौस आपल्याकडे पुष्कळ आहे, ती टाळलेली बरी. प्रसूतिगृहातील तापाचा संबंध तपासणाऱ्याच्या हातांशी आहे हे व्हिएन्नात सेमेलवाइसने दाखवले ते १८४७ मध्ये, आणि त्यालाही ते पटवून देणे जड गेले. सुश्रुतातील तपशिलाचे मोल वेगळे आहे. हात कोणाचे होते, हे तो सांगतो. पतीचा उल्लेख या वर्तुळात नाही.

ज्या स्त्रियांच्या हातांवर हे शास्त्र उभे होते त्यांची नावे मात्र ग्रंथात आली नाहीत. त्यांचा जो काही दस्तऐवज उरला आहे तो भाषेत. मराठीकडे या दृष्टीने पाहिले तर शब्दांचे एक सुसंगत भांडार हाती लागते. ‘दिवस गेले’पासून ‘दिवस भरले’पर्यंतचा काळ, मग ‘पोट उतरले’, ‘पाणमोट फुटली’, ‘कळा सुरू झाल्या’, ‘वेणा लागल्या’, ‘अडली’, आणि शेवटी ‘मोकळी झाली’ किंवा ‘सुटका झाली’. प्रत्येक शब्द एकेक टप्पा दाखवतो. ‘पाणमोट’ हा शब्द तर कोणत्याही पाठ्यपुस्तकाला हेवा वाटावा असा आहे. विहिरीवरची मोट आणि तिच्यातले पाणी पाहिलेल्या स्त्रियांनी गर्भजलाच्या पिशवीला दिलेले ते नाव आहे. ती मोट कळांच्या आधीच फुटली तर काय, हे प्रत्येक जाणतीला ठाऊक असे. दिवस भरलेल्या शंभर बायकांपैकी सुमारे आठ जणींच्या बाबतीत तसे घडते, असे आजचे वैद्यक सांगते. ‘अडली’ हा शब्द तर एकाच वेळी निदान आहे आणि आक्रोशही.

या शब्दांची मालकीण होती सुईण. ‘प्रसूती’, ‘सूतिका’ यांच्याच कुळातला हा शब्द; पण संस्कृतातली ‘सूतिका’ म्हणजे बाळंतीण, तर मराठीतली ‘सुईण’ म्हणजे तिला सोडवणारी. गावगाड्यात ही सोडवणारी बाई बहुधा खालच्या मानलेल्या जातीची असे. रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातीजमातींवर १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांग स्त्रिया सुईणपण करतात अशी नोंद आहे. एरवी जिची सावली नको, तिच्या हाताशिवाय घरातले मूल जगात येत नव्हते. गरजेपुरता विटाळ बाजूला ठेवला जाई आणि नाळ कापून झाली की तो पुन्हा जागेवर येई. बाळंतपणाचा स्पर्श अपवित्र मानल्यामुळेच हे काम तिच्याकडे ढकलले गेले होते. आणि काम तिच्याकडे असल्यामुळे त्यातले ज्ञानही ज्ञान म्हणून कधी मोजले गेले नाही. तिने कोणत्या गर्भिणीचा चेहरा पाहून ‘आज रात्री’ म्हटले आणि ते कितीदा खरे ठरले, याची नोंद कोणी ठेवली नाही. तिच्या हातून चुकाही झाल्या, धनुर्वात आणि ताप यांनी माता-बालके दगावली. हेही विसरता येत नाही. पण हिशोब मांडताना फक्त चुकांची बाजूच लिहिली गेली.

ही दोन टोके, म्हणजे ग्रंथातले शास्त्र आणि देहाचा अनुभव, एका मराठी स्त्रीच्या आयुष्यात एकत्र आली. आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या. मूल दहा दिवस जगले. १८८३ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र’. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीमुळे आनंदीबाईंचे आयुष्य मराठी वाचकाला परिचित आहे. प्रबंधाचा हा विषय मात्र आपल्या चर्चेत क्वचितच येतो. परदेशात वैद्यक शिकणाऱ्या, स्वतःचे मूल गमावलेल्या तरुणीने जगातल्या साऱ्या विषयांतून हाच का निवडला असेल, हे सांगायला टीकाकाराची गरज नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्याआधी, त्या गेल्या. हे ज्ञान त्यांना मराठी बायकांच्या भाषेत आणता आले असते का, हा प्रश्न त्यामुळे कायमचा अधांतरी राहिला.

त्याच सुमारास, १८८५ मध्ये, स्त्रियांना वैद्यकीय मदत पुरवण्यासाठी डफरिन फंड स्थापन झाला; १८८६ मध्ये मुंबईत कामा रुग्णालय सुरू झाले; १९०३ मध्ये लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने दायांच्या प्रशिक्षणासाठी व्हिक्टोरिया मेमोरियल निधी उभा राहिला. हे प्रयत्न मोलाचे होते. परंतु त्यांच्या भाषेत दाई म्हणजे घाण आणि अज्ञान असे समीकरण रूढ झाले. तिला शिकवायचे काय याचा विचार झाला. तिच्याकडून शिकण्यासारखे काही असेल असा विचार फारसा झाला नाही.

विसाव्या शतकात लक्षणांची जागा मोजमापाने घेतली. त्याआधी १८७२ मध्ये इंग्लंडमधील ब्रॅक्स्टन हिक्स यांनी गर्भारपणात गर्भाशय मधूनमधून आकुंचन पावते, पण त्यातून प्रसूती सुरू होत नाही, याचे वर्णन केले होते. ज्यांना आपल्याकडे ‘खोट्या कळा’ म्हणतात त्यांना शास्त्रात एका पुरुषाचे नाव मिळाले. १९५४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये इमॅन्युएल फ्रीडमन यांनी गर्भाशयमुख किती वेळात किती उघडते याचा आलेख मांडला. १९७२ मध्ये तेव्हाच्या ऱ्होडेशियात फिलपॉट आणि कासल यांनी त्या आलेखावर दोन रेषा आखल्या : एक सावध होण्याची आणि तिच्यापुढे चार तासांवर दुसरी, कृती करण्याची. दूरच्या दवाखान्यातल्या सुईणीला ‘आता मोठ्या रुग्णालयात पाठवा’ हे वेळेवर कळावे, हा त्यामागचा हेतू होता. ‘अडली’ हा शब्द जे काम करीत असे ते आता कागदावरची रेषा करू लागली. तीही अंतिम ठरली नाही. प्रत्येक स्त्रीचे गर्भाशयमुख तासाला एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे हा दंडक जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सोडून दिला आणि वेगाने पुढे सरकणारा टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरावा असे सांगितले. देह आलेखाबरहुकूम चालत नाही, हे पुन्हा एकदा मान्य करावे लागले.

पण आलेख सुरू होतो तो रुग्णालयात पोहोचल्यावर. त्याआधीचे तास कोणाच्या हवाली? सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात मातामृत्यूंमागचे तीन विलंब सांगितले : निर्णय घेण्यातला, पोहोचण्यातला आणि पोहोचल्यावर योग्य उपचार मिळण्यातला. पहिला विलंब घरातला आहे. लक्षण न ओळखणे, ओळखले तरी पुरुषाच्या होकाराची वाट पाहणे, खर्चाचा विचार करणे, ‘सकाळी बघू’ म्हणणे, हे सारे त्यात येते. मी गरम पाण्याची पिशवी देऊन पुस्तक उघडले, तो हाच पहिला विलंब होता. माझ्या सुदैवाने दुसरा आणि तिसरा विलंब वाट्याला आला नाही. रस्ता चांगला होता, वाहन होते, डॉक्टर जागे होते. भामरागडच्या पावसाळ्यात नाल्यापलीकडच्या पाड्यात हे तिन्ही एकत्र येतात.

महाराष्ट्रात या प्रश्नाला मिळालेली दोन उत्तरे येथे नोंदवण्यासारखी आहेत. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून घडवले. त्या घरच्या बाळंतपणाला दाईसोबत हजर राहत आणि नवजात बाळाची काळजी घेत. या कामाने बालमृत्यू किती घटले याचा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. येथे दाईला हाकलून न देता तिच्या शेजारी दुसरी शिकलेली स्त्री बसवली गेली. दुसरे उत्तर आदिवासी भागांतल्या ‘माहेरघर’ योजनेचे. दुर्गम पाड्यावरच्या गर्भिणीने दिवस भरण्याच्या सुमारास प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ येऊन राहायचे, कळांची वाट तेथेच पाहायची. चरकाने नववा महिना लागताच गर्भिणीने सूतिकागारात जाऊन प्रसवकाळाची प्रतीक्षा करावी असे सांगितले आहे. त्याची आठवण येथे होते. आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाण्याची आपली चाल तरी दुसरे काय होती? ओळखणारी माणसे जिथे आहेत तिथे वेळेआधी जाऊन राहणे, हाच तिचा व्यावहारिक अर्थ.

देशाच्या नमुना नोंदणी पाहणीनुसार २०१८-२० या काळात दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूचे प्रमाण भारतात ९७ आणि महाराष्ट्रात ३३ होते. पूर्वीच्या मानाने ही मोठीच प्रगती आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील ८८.६ टक्के बाळंतपणे संस्थांमध्ये झाल्याचे दिसते. म्हणजे सुईणीचे घरातले राज्य जवळपास संपले आहे. पण त्याबरोबर घरातले ओळखण्याचे ज्ञानही ओसरते आहे, याकडे आपले फारसे लक्ष नाही. दोन खोल्यांच्या घरात शहरात, परदेशात राहणाऱ्या जोडप्याजवळ आजी नाही, काकू नाही, शेजारीण अनोळखी आहे. आता तिथे एकच माणूस आहे : जो हजारो वर्षे दाराबाहेर होता तो. केंद्र सरकारने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीवेळी सोबतीण असावी असे ठरवले आणि जिथे खाजगीपणा राखता येईल तिथे पतीलाही मुभा दिली. दार किलकिले झाले आहे. आत जाणाऱ्याला निदान त्या घरची भाषा यायला हवी.

ती भाषा अवघड नाही. खऱ्या कळा ठरावीक अंतराने येतात, अंतर कमी होत जाते, प्रत्येक कळ आधीच्यापेक्षा लांब आणि जोरकस होते. बहुधा पाठीतून पुढे येतात. चालल्याने किंवा कुशी बदलल्याने थांबत नाहीत. खोट्या कळा अनियमित असतात आणि विश्रांतीने विरतात. पाच मिनिटांच्या अंतराने, मिनिटभर टिकणाऱ्या कळा तासभर येत राहिल्या की निघावे, असा एक ढोबळ हिशोब डॉक्टर पहिलटकरणीला देतात. रुग्णालय लांब असेल किंवा बाळंतपण पहिले नसेल तर त्याआधीच निघावे. पाणमोट फुटली, तर कळा नसल्या तरी थांबू नये. उघड रक्तस्राव, हिरवट पाणी, बाळाची हालचाल मंदावणे, असह्य डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी, झटके, किंवा सदतिसावा आठवडा पूर्ण होण्याआधीच सुरू झालेल्या कळा, यांपैकी काहीही दिसले तर घड्याळ पाहत बसायचे नसते.

हे चार-सहा ओळींत सांगता येते, आणि तरी एवढे कोणी मला पदव्युत्तर शिक्षणापर्यंत सांगितले नव्हते. मीही कोणाला विचारले नव्हते. पुढच्या वेळी ‘प्रसववेदना’ हा शब्द असलेली उत्तरपत्रिका हाती आली तेव्हा मी गुण कापले नाहीत. फक्त वर्गात विचारले, ‘कळा सुरू झाल्या हे कसं ओळखतात, कोणाला सांगता येईल?’ मुले खाली पाहू लागली. मागच्या बाकावरची, गावाकडून आलेली एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, ‘सर, आजी सांगायची, आधी चेहरा बघायचा.’